कलावंताच्या बोलण्यातील पालुपदे : शब्दांकनात ठेवावीत की गाळावीत?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमधील एका लहानशा संगीतमंडळाकडे जुन्या मुलाखतींच्या वीस-पंचवीस कॅसेट कपाटात पडून होत्या. त्यांपैकी एका ज्येष्ठ गायकाची मुलाखत स्मरणिकेत छापावी असे ठरले आणि शब्दांकनाचे काम माझ्याकडे आले. गायक आज हयात नाहीत. घरच्यांनी मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय नाव जाहीर करायचे नाही असे ठरलेले असल्यामुळे येथे त्यांना नुसते 'बुवा' म्हणतो. काम सोपे वाटले होते : कॅसेट लावायची, थांबवायची, ऐकलेले लिहायचे. प्रत्यक्षात पहिल्याच पानावर अडलो, कारण बुवांचे वाक्य 'बरं का'शिवाय पुढे सरकतच नाही. पेन्सिलीने खुणा केल्या तेव्हा एका पानावर हे दोन शब्द अकरा वेळा आलेले दिसले, आणि 'म्हणजे' तर मी मोजायचेच सोडून दिले.

नमुन्यादाखल मारवा या रागाविषयी ते जे बोलले ते जसेच्या तसे देतो :

"मारवा म्हणजे, बरं का, संध्याकाळ नाही. संध्याकाळ म्हणजे... ती होऊन गेलेली असते, बरं का, आणि घरात अजून दिवा लावलेला नसतो, तेव्हाचं ते हे असतं ना, ते."

याचे 'स्वच्छ' शब्दांकन मी असे केले होते : "मारवा हा केवळ सायंकाळचा राग नसून सूर्यास्तानंतरच्या, दिवेलागणीपूर्वीच्या कातर वेळेचे तो सूचन करतो." व्याकरणदृष्ट्या यात काही चूक नाही. परंतु हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वाचले तेव्हा ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभले असते, आणि बुवा त्यातून उठून निघून गेल्यासारखे वाटले.

प्रश्न केवळ माझ्या बुवांपुरता नाही. नामवंत कलावंतांच्या बोलण्याच्या लकबी आपल्या सर्वांच्या कानांत बसलेल्या असतात. पं. जसराज यांचे 'जय हो' कोणाला आठवत नाही? भेटणाऱ्याला अभिवादन, शिष्याला आशीर्वाद, रसिकांना निरोप हे सारे त्या दोन शब्दांत होत असे, आणि मैफलीच्या आरंभी 'मंगलं भगवान विष्णुः' हा श्लोक येई. (पुढे 'जय हो' याच शब्दांच्या गाण्यासाठी २००९ साली ए. आर. रहमान यांना ऑस्कर मिळाले, आणि त्या मंचावरून त्यांनी 'सगळी स्तुती ईश्वराचीच' या अर्थाचे आपले नेहमीचे तमिळ वाक्य उच्चारले, हा एक गमतीदार योगायोग.) उस्ताद झाकीर हुसेन वडिलांचा, म्हणजे उस्ताद अल्लारखाँ यांचा, उल्लेख 'अब्बाजी' असा करीत. १९५१ साली आपला जन्म झाल्यावर अब्बाजींनी कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, आई रागावली तेव्हा 'हीच माझी प्रार्थना' असे उत्तर दिले, ही हकीकत त्यांनी इतक्या मुलाखतींतून सांगितली की तिलाही एखाद्या बंदिशीसारखा ठरलेला मुखडा आलेला होता.

यांतले 'जय हो' गाळावे असे कोणी म्हणणार नाही, कारण ते अभिवादन आहे. 'अब्बाजी' हे नाते आहे. मग 'बरं का' काय आहे? ते निव्वळ वाक्यातील खड्डे बुजवणारे खडीडांबर असेल, तर ते काढून टाकण्यात मला काही वाटणार नाही. परंतु तसे ते आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

लग्गी

मी तबला शिकतो आणि थोडाफार शिकवतोही, त्यामुळे उत्तर तबल्याच्या भाषेतच देतो. विलंबित ख्याल ऐकताना कधी मात्रा मोजून पाहिल्या आहेत का? अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे बारा मात्रांचे आवर्तन पूर्ण व्हायला जवळपास एक मिनिट लागते. ठेका कागदावर लिहिला तर मोजक्याच अक्षरांचा आहे. तो तसाच कोरा वाजवला तर पहिल्या 'धिं'नंतर इतकी रिकामी जागा पडते की गायकाला आपण कोठे आहोत हे कळणे कठीण जाते. म्हणून तबलजी ठेका भरतो. दोन अक्षरांच्या मध्ये हलक्या हाताने काही बोल ठेवतो, ते ऐकू येतात पण लक्ष वेधून घेत नाहीत. ते 'मुख्य' नाहीत हे खरे, पण ते काढले तर ठेका मोडतो.

बुवांचे 'बरं का' मला तसे वाटते. आपण दिलेल्या वाक्यात ते कोठे येते ते पाहा. 'मारवा म्हणजे' म्हणून झाल्यावर, आणि 'होऊन गेलेली असते' म्हटल्यावर. दोन्ही ठिकाणी त्यांना पुढची गोष्ट सापडायची आहे. समोरच्याला ते सांगत आहेत की अजून सम, म्हणजे आवर्तन जेथे येऊन टेकते ती पहिली मात्रा, आलेली नाही, थांबा.

झाकीरभाईंविषयी एक निरीक्षण. ते तबल्याबद्दल बोलता बोलता मध्येच पढंत सुरू करीत, आणि त्या क्षणी वाक्याचा अडखळा नाहीसा होई. इंग्रजीत बोलत असले तरी तोंडातून बोल निघू लागले की तीच त्यांची मातृभाषा आहे असे वाटे. मराठीत आपण तबल्याच्या अक्षरांनाही 'बोल' म्हणतो आणि माणसाच्या शब्दांनाही 'बोल' म्हणतो, हे काही उगीच नाही.

मात्रावेलांटी

लग्गी यांची उपमा सुंदर आहे, परंतु एक फरक नोंदवला पाहिजे. ठेक्यातील भरणी मोजून केलेली असते, 'बरं का' मोजून येत नाही. तबलजी तीच भरणी वाजवायची की नाही हे ठरवू शकतो. बुवांना विचारले असते तर आपण 'बरं का' म्हणतो हे त्यांना ठाऊकही नसते. पस्तीस वर्षे मराठी शिकवल्यावर मी स्वतः 'लक्षात घ्या' किती वेळा म्हणत असे हे मला निवृत्तीच्या समारंभात विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलेतून कळले.

तरीही हे शब्द निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही. आपल्या परंपरेने अशा शब्दांची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. अमरकोशात 'तु हि च स्म ह वै पादपूरणे' असे म्हटले आहे. श्लोकाचा चरण भरून काढण्यासाठी वापरायचे हे शब्द आहेत अशी त्यांची रीतसर नोंद कोशकाराने केली. यास्काच्या निरुक्तातही पदपूरण करणाऱ्या निपातांचा विचार आलेला आहे. म्हणजे कवी छंदासाठी जे करीत होता, तेच बोलणारा श्वासासाठी करतो. श्लोकातील 'वै' कोणी संपादक गाळत नाही. बुवांचे 'बरं का' मात्र गाळावेसे वाटते, कारण छापील गद्यात आपण ज्या छंदाची अपेक्षा करतो त्यात ते बसत नाही.

या धाग्याच्या शीर्षकातील 'पालुपद' हा शब्दच घ्या. बोलण्यातील सततच्या लकबीला आपण पालुपद म्हणतो, पण मुळात पालुपद म्हणजे गाण्याचे ध्रुवपद, कडव्यागणिक परत येणारी ओळ. दुसऱ्याचे म्हणणे उचलून धरण्याला आपण 'री ओढणे' म्हणतो, तेही गाण्यातूनच आलेले. बोलण्याच्या सवयींना नाव द्यायची वेळ आली तेव्हा मराठी माणसाने गाण्याकडे धाव घेतली, एवढे पुरे आहे.

आधुनिक अभ्यासाचाही एक दाखला देतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली इंग्रजी बोलण्यातील 'अ' आणि 'अम्' या उच्चारांवर एक निबंध लिहिला. थोडा खोळंबा होणार असेल तर बोलणारा एक उच्चार करतो, मोठा होणार असेल तर दुसरा, म्हणून या उच्चारांना चुका न मानता शब्दच मानावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते सर्वांना मान्य झाले असे नाही. मराठीतील 'अं', 'म्हणजे', 'आपलं', 'काय आहे', 'त्याचं असं आहे' यांची अशी बारकाईने तपासणी कोणी मनावर घेतली तर मला ती वाचायला आवडेल. 'बरं का' या सर्वांहून वेगळे आहे, कारण त्यात समोरच्या माणसाला हाक आहे. 'अं' एकटा माणूसही म्हणेल. 'बरं का' म्हणायला कोणीतरी ऐकणारे असावे लागते.

कॉलेजरोडकर

विषय निघालाच आहे तर कार्यक्रमांच्या निवेदकांनाही सोडू नका. आपल्या शहरात कालिदास कलामंदिरापासून गल्लीतल्या दिवाळी पहाटेपर्यंत कोठेही जा, 'खऱ्या अर्थाने' हे शब्द कानांवर आल्याशिवाय पडदा उघडत नाही. 'खऱ्या अर्थाने ही पहाट आज खऱ्या अर्थाने सुरेल होणार आहे' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहे. याला लग्गी कोणता ताल लावतात ते पाहायचे आहे.

मुद्द्याचे सांगायचे तर प्रसिद्ध माणसाच्या तोंडी आपण जे पालुपद बसवतो ते पुष्कळदा त्याचे नसतेच. झाकीर हुसेन म्हटले की तबल्याचा 'त'सुद्धा न कळणाऱ्या माणसालाही 'वाह ताज' आठवते. ते ताजमहाल चहाच्या जाहिरातीतले वाक्य, म्हणजे कोणा लेखकाने लिहिलेले आणि उस्तादांनी म्हटलेले. त्यांचे स्वतःचे पालुपद शोधायचे तर 'विद्यार्थी' हा शब्द पाहावा. उस्ताद होण्याच्या मागे लागू नकोस, चांगला विद्यार्थी हो, हा वडिलांचा उपदेश ते पुनःपुन्हा सांगत. तो कोणी चहाच्या पुड्यावर छापला नाही, म्हणून नकलाकारांच्याही उपयोगाचा झाला नाही.

रोखठोक

माझे मत वेगळे आहे आणि ते थोडक्यात मांडतो. छापलेला मजकूर हा वाचण्यासाठी असतो. ऐकताना आपले कान 'बरं का' आपोआप बाजूला टाकतात, डोळे तसे करीत नाहीत. जे ऐकताना जाणवलेसुद्धा नव्हते ते कागदावर अकरा वेळा दिसले की वाचक हसतो, आणि तो बुवांना हसतो. ज्या माणसाने आयुष्य सुरात घालवले त्याला एका स्मरणिकेने हास्यास्पद करावे का? निष्ठेच्या नावाखाली होणारा हा अन्यायच आहे. गाळावे, आणि मनात किंतु ठेवू नये.

स्पूल

रोखठोक यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि माझी निम्मी नोकरी तेच करण्यात गेली. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात होतो, त्या काळात संपादन म्हणजे अक्षरशः कापाकापी असे. फीत सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावे, म्हणजे एका सेकंदाचे बोलणे साधारण एकोणीस सेंटिमीटर लांबीचे. अर्ध्या सेकंदाचा 'अं' हा साडेनऊ सेंटिमीटरचा तपकिरी तुकडा असे. हाताने रीळ मागेपुढे फिरवून त्याची सुरुवात आणि शेवट शोधायचा, मेणपेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि उरलेली टोके चिकटपट्टीने जोडायची. काढलेले तुकडे मी लगेच फेकत नसे. गळ्यात टाकून ठेवी, कारण चुकून एखादे अक्षर गेले तर ते परत बसवावे लागे. दिवसअखेर माझ्या गळ्यात कोणाकोणाच्या 'अं' आणि 'म्हणजे'च्या माळा असत.

एका गायकांची मुलाखत मी अशीच साफ केली. त्यांची खोड निराळी होती. ते शब्दांनी जागा भरत नसत, गप्प बसत. विशेषतः गुरूंचे नाव घेण्यापूर्वी दीड-दोन सेकंद काहीच नाही. मला ते चाचपडणे वाटले. वेळही कमी होता. मी ती सारी शांतता कापली आणि कार्यक्रम नेमक्या मिनिटांत बसवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढे ते गायक दुसऱ्या ध्वनिमुद्रणासाठी आले तेव्हा चहा घेताना मला अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमचं काम छान झालं हो. फक्त एक, नाव घेण्याआधी मी कान धरतो." मला क्षणभर अर्थबोध झाला नाही. मग त्यांनी बोलता बोलता गुरूंचे नाव घेतले, आणि मी प्रथमच समोरून पाहिले : उजवा हात वर गेला, कानाच्या पाळीला स्पर्श झाला, मान किंचित झुकली, आणि मग नाव आले. यात जेवढा वेळ गेला तेवढीच फीत मी कापली होती. पाहणाऱ्याला जो नमस्कार दिसला असता, तो ऐकणाऱ्याला फक्त त्या शांततेतून मिळत होता, आणि मी तोच काढून टाकला होता.

त्यानंतर मी कापणे सोडले असे मुळीच नाही, नोकरी होती. पण कापण्यापूर्वी एकदा विचारू लागलो की येथे माणूस काय करीत होता.

क्लॅरिनेट

स्पूल यांचा प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले. माझे वडील नाशिकमधील एका बँड पथकात क्लॅरिनेट वाजवीत. लग्नसराईत वराती, गणपतीत मिरवणुका, आणि उरलेल्या दिवसांत शिवणकाम. नाशिक ढोलाचे आज सगळीकडे कौतुक होते, पण त्या गजरातून क्लॅरिनेटचा सूर ऐकू जावा म्हणून फुंकणाऱ्याच्या गालांचे काय होते हे आमच्या घरात ठाऊक होते. एका वर्षी एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांची मुलाखत घेतली गेली. वडिलांच्या बोलण्यात 'आपलं' हा शब्द फार. 'मी आपलं वाजवतो', 'आपलं जमेल तसं', 'कोणी शिकवलं नाही, आपलं ऐकून ऐकून'. छापून आले ते असे : "मी गेली अनेक वर्षे वादनसेवा करीत असून माझे शिक्षण श्रवणसाधनेतून झाले आहे."

आईने ते मोठ्याने वाचून दाखवले. वडील शिवणयंत्रावर बसले होते. पायडल थांबवून त्यांनी विचारले, "हा कोण गृहस्थ?"

रोखठोक यांना वाटते की पालुपद छापल्याने कलावंत हास्यास्पद होतो. माझ्या वडिलांना ते गाळल्याने परके व्हावे लागले. त्यांच्या 'आपलं'मध्ये सगळे होते : मला कोणी विचारलेले नाही, मी कोणाच्या घराण्याचा नाही, पण वाजवतो. 'वादनसेवा' म्हणणाऱ्या माणसाला हा संकोच नसतो. शिवाय असे पाहा की मोठ्या गवयाच्या 'आहाहा'चे आणि 'क्या बात है'चे आपण लेखांतून रसभरीत वर्णन करतो आणि त्याला दिलखुलासपणा म्हणतो. बँडवाल्याच्या 'आपलं'ला मात्र बोलता न येणे म्हणतो. बिस्मिल्ला खाँ साहेबांच्या बोलण्यातील बनारस कोणी शुद्ध करायला गेले असते का? तेही सनईच फुंकत होते.

रोखठोक

क्लॅरिनेट, आपल्या वडिलांची हकीकत वाचून माझे वाक्य मागे घेतो. 'गाळावे' हे मागे घेतो, 'अकरा वेळा' हे घेत नाही. एका पानावर अकरा फार होतात.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. गेल्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एका ओळखीच्या मुलाने सुचवल्यावरून ध्वनिफीत संगणकाला ऐकवून त्याच्याकडून लेखन करून घेतले. यंत्राने बुवांचे बहुतेक 'अं' आणि अर्धेअधिक 'बरं का' विचारल्याशिवायच गाळले. स्पूल यांच्या ब्लेडला निदान तुकडे गळ्यात अडकवण्याचे सौजन्य होते. येथे काय गेले याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लग्गी आणि स्पूल यांच्या सांगण्यावरून मी 'बरं का' कोठे येत नाही ते पाहू लागलो. बंदिशीचे शब्द सांगताना एकदाही नाही. गुरूंच्या घरी पाणी भरण्यापासून शिकण्याला सुरुवात कशी झाली ही गोष्ट सांगताना नाही, बहुधा ती शंभरदा सांगून घोटली गेली असावी. झाकीरभाईंच्या जन्मकथेसारखे तिचेही टप्पे ठरलेले आहेत. पैशाविषयी बोलताना तर बुवांची वाक्ये सुरीसारखी सरळ आहेत. 'बरं का'ची दाटी होते ती फक्त रागाचा स्वभाव सांगताना. म्हणजे जे त्यांना गळ्याने क्षणात दाखवता आले असते ते मुलाखत घेणारा शब्दांत मागतो आहे, तेव्हा.

मात्रावेलांटी यांनी म्हटले की त्यात हाक आहे. तेही तपासले. मुलाखत घेणारा मध्ये 'हो हो' म्हणतो तेथे पुढची दोन-तीन वाक्ये 'बरं का' येत नाही. तो गप्प राहिला की पुन्हा सुरू होते.

कोमल रिषभ

मी गाते, आणि या धाग्यावर इतके दिवस नुसती वाचक होते. आपण सर्वजण 'बरं का'वर बोलत आहात, पण त्या मारव्याच्या वाक्यात मला अडकवणारे शब्द 'ते हे' आहेत. "तेव्हाचं ते हे असतं ना, ते." बुवांनी नाम घेतलेच नाही. कातरवेळ म्हटले नाही, हुरहुर म्हटले नाही, उदासी म्हटले नाही. जवळ गेले आणि वळले.

मारवा शिकताना नेमकी हीच अडचण येते. पंचम वर्ज्य आहे हे पाठ करता येते. कठीण आहे ते षड्जाला, म्हणजे 'सा'ला, टाळणे. कोमल रिषभावर आणि धैवतावर रेंगाळत राहायचे, षड्ज अगदी समोर दिसतो आहे, सगळे शरीर तिकडे ओढले जाते आहे, आणि तरी तेथे टेकायचे नाही. नवशिका गायक षड्जावर येऊन बसतो आणि त्याला वाटते की आता बरे वाटले. तेथे मारवा संपतो. तानपुरे षड्ज वाजवीतच असतात, ऐकणाऱ्याला तो मिळतच असतो. गाणाऱ्याने मात्र त्याला हात लावायचा नाही.

माझ्या गुरुजींनाही मारवा शब्दांत सांगता आला नव्हता. त्यांनी मला संध्याकाळी खोलीतला दिवा लावू दिला नाही, एवढेच केले होते.

गोदाकाठ, आपल्या 'स्वच्छ' वाक्यात 'कातर वेळ' आली आहे. तेथे आपण षड्जावर टेकलात.

मात्रावेलांटी

हे मला सुचायला हवे होते. 'ते हे' याला आम्ही वर्गात शब्ददारिद्र्य म्हणत असू.

लग्गी

आता 'बरं का' अकराऐवजी किती ठेवायचे ते ठरवा. सगळी भरणी वाजवणाराही चांगला तबलजी नव्हे, गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

काम पूर्ण झाले, म्हणून शेवटचे लिहितो. पाणी भरण्याची हकीकत आणि पैशाचा भाग यांना हात लावावा लागला नाही. रागांविषयीच्या भागात प्रत्येक परिच्छेदात एखादे 'बरं का' ठेवले, मुलाखत घेणारा गप्प झाला आहे असे वाटले तेथे. बाकीची काढली, पण कच्च्या खर्ड्यात पेन्सिलीने तशीच आहेत आणि तो खर्डा मंडळाच्या कपाटात कॅसेटशेजारी ठेवला आहे. मारव्याच्या वाक्यात काहीही बदलले नाही.

मजकूर बुवांच्या सूनबाईंना वाचायला दिला होता. पंचवटीत इंद्रकुंडाजवळच्या पलुस्कर सभागृहात एका कार्यक्रमाला त्या आल्या होत्या, तेथेच मध्यंतरात त्यांनी पाने परत केली. बुवांचे नाव छापायला परवानगी दिली, आणि एकच दुरुस्ती सांगितली : "ते 'असतं ना' असं नाही म्हणायचे. 'असतंय ना' म्हणायचे. पुन्हा ऐका." घरी येऊन ऐकले. त्यांचे बरोबर होते.

छापखान्यातील मुद्रितशोधकांनी पहिल्या मुद्रितात 'ते हे' खाली लाल रेघ मारून समासात 'शब्द राहिला?' असे लिहिले होते. मी 'तसेच ठेवावे' असे लिहून पाठवले. दुसऱ्या मुद्रितात त्यांनी पुन्हा रेघ मारली आणि या वेळी 'कातरवेळ?' असा पर्यायही सुचवला. मी कोमल रिषभ यांचा प्रतिसाद छापून त्या पानाला टाचणीने लावला आणि परत पाठवला. काल तिसरे मुद्रित आले. रेघ नव्हती. समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, 'असू दे. मी पेटी वाजवतो.'